शामरावांच्या कानातली बाई

दिवा लागत होता आणि मी टोन देत नव्हते.

कान तपासताना पेशंटला एका बंद खोलीत बसवतात. तिला आम्ही बूथ म्हणतो. भिंतींना आतून जाड फोम, दार फ्रीजसारखं घट्ट लागणारं, मध्ये दुहेरी काचेची खिडकी. पेशंटच्या कानांवर हेडफोन आणि हातात एक बटण. मी बाहेर मशीनसमोर बसून बारीक मोठे आवाज सोडते, त्यांना टोन म्हणायचं. ऐकू आला की पेशंटनं बटण दाबायचं, म्हणजे माझ्या मशीनवर हिरवा दिवा लागतो. वर्ध्यात पंचवीस वर्षं मी हेच काम करते आहे. कामाचं नाव ऑडिओलॉजिस्ट. बहुतेक लोक कानाच्या बाई म्हणतात.

पेशंट कधी कधी उगाचच बटण दाबतात. घाईनं, किंवा आपल्याला ऐकू येत नाही हे कळू नये म्हणून. ते दाबणं वेडंवाकडं असतं, लगेच ओळखू येतं. शामरावांचं तसं नव्हतं. छोटा, छोटा, लांब. मग थोडं थांबून परत छोटा, छोटा, लांब. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि फक्त बघत राहिले. तीन मिनिटं हे चाललं. एकदाही ताल चुकला नाही.

काचेतून पाहिलं तर शामराव डोळे मिटून मागेपुढे हलत होते. लेकराला मांडीवर घेऊन हलतात, तसे.

मी दार उघडून आत गेले, हेडफोन काढले आणि त्यांच्या कानाशी ओरडले, "काका, काय ऐकू येतंय?"

"बाई बोलून राह्यली ना," ते म्हणाले. "तुमीच तर लावली."

शामराव नाचणगावचे. पुलगावला लागूनच असलेलं गाव. घरची शेती, कापूस आणि तूर. वय आधारकार्डावर ऐंशीच्या वर. सोबत मुलगा गजानन आला होता, तोही शेतीच बघतो. गजाननच्या चेहऱ्यावर दोन महिने झोप न झालेल्या माणसाचा चिकटपणा होता. (नावं मी बदलली आहेत. गाव बदलायला निघाले तर शामरावच म्हणाले, "गाव काऊन बदलता? गावानं काय केलं?" हे लिहायची परवानगीही त्यांनीच दिली.)

तपासणीचा निकाल साधा होता. दोन्ही कानांचं ऐकणं बरंच गेलेलं. शेजारी बसून बोललेलं कळत नाही, ओरडलेलं कळतं. दहा-बारा वर्षांत हळूहळू गेलं असणार. या वयात नवल नाही. नवल होतं ते गजाननने सांगितलं त्यात.

"मॅडम, बाबांच्या कानात एक बाई बोलते. दुपारी घर चूप झालं का सुरू होते. काय बोलते इचारलं तर म्हनतात, माठ कर, माठ कर. अन् बुधंदा."

"बुधंदा?"

"आमाले वाटलं बुधवार म्हनत असन. पुलगावच्या एका भगताकडं नेलं. तो म्हने, एखादी बाई पान्यावाचून मेली, थे पानी मागून राह्यली. दर बुधवारी नवा माठ भरून ठेवा. आठ बुधवार झाले. आंगनात आठ माठ हायेत. बायको म्हनते, मले आंगनात जायाची भीती वाटते."

"मग आवाज कमी झाला?"

"वाढला."

गजाननच्या मनात त्यांना नागपूरला मनोरुग्णालयात न्यायचं होतं. जाता जाता एकदा कान दाखवून घ्या, असं गावातल्या एका शिक्षकानं सुचवलं म्हणून तो माझ्याकडे आला. नागपूरची तारीखही ठरली होती.

त्याला जे समजावून सांगितलं, ते इथेही सांगते. ज्याचा पाय कापला जातो, त्याला नसलेल्या पायाचा अंगठा खाजतो. कानाचंही तसंच होतं. बाहेरून आवाज येणं कमी झालं की मेंदूतला ऐकण्याचा भाग रिकामा पडतो. तो रिकामा बसत नाही. जुन्या साठ्यातलं काहीतरी काढून वाजवत राहतो. माणूस वेडा नसतो. त्याला खरोखर ऐकू येत असतं, फक्त बाहेर आवाज नसतो. माझ्या एका पेशंट बाईंना दिवसभर आरती ऐकू यायची. एका निवृत्त बँक मॅनेजरला तीन महिने साबणाची जाहिरात ऐकू येत होती. ते बिचारे म्हणायचे, मी तो साबण कधी वापरलाही नाही.

हेअरिंग एड लावलं, म्हणजे बाहेरचा आवाज पुन्हा मिळायला लागला, की पुष्कळांचं हे कमी होतं. पण आधी मेंदूत दुसरं काही नाही ना, हे बघावं लागतं. मी शामरावांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एमआरआय झाला. वयाच्या मानानं उत्तम, असा शेरा आला. गजाननने नागपूरची तारीख पुढे ढकलली आणि दहा दिवसांनी वडिलांना परत घेऊन आला.

एक गोष्ट मात्र मला बसत नव्हती. मेंदू जे वाजवतो ते ओळखीचं असतं. आरती, गाणं, आईची हाक. शामरावांना ती बाई कोण हे माहीत नव्हतं. ती काय म्हणते याचा अर्थही त्यांना लागत नव्हता.

"तुमची आई का?" मी विचारलं होतं.

"नाई. मायचा आवाज जाडा होता. हे पातळ हाय."

"बायको?"

"छे वो. थे एवढी गोड कधीच बोलली नाई."

ते परत आले त्या दिवशी मी त्यांना बूथमध्ये बसवलं आणि सांगितलं, बाई बोलायला लागली की ती म्हणते तसंच तुम्ही म्हणा. आतला माइक चालू ठेवला. आतलं बोलणं माझ्या टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून ऐकू येतं. फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. गजानन माझ्या मागे स्टुलावर बसला.

पाच-सहा मिनिटं काही नाही. बूथ इतका शांत असतो की माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येतो. शामरावांना तोही ऐकू येत नसणार. मग ते हलायला लागले. आणि स्पीकरमधून आवाज आला. म्हाताऱ्या पुरुषाचाच, पण वर चढवलेला, पातळ, एका सुरात.

"माठ करि पुट, माठ करि. बुधंदाऽ."

तेच परत. परत तेच. गजाननने माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"हे कोण बोलतंय?" दारातून कोणीतरी विचारलं.

मोहनसेठ होते. माझ्या क्लिनिकच्या खाली त्यांचं कापडाचं दुकान आहे. माझ्या एसीचं पाणी त्यांच्या बोर्डावर गळतं, हे सांगायला ते दर उन्हाळ्यात वर येतात. बाहेरचं दार माझ्याकडून उघडं राहिलं होतं. ही माझी चूक. पेशंटचा आवाज दुसऱ्याच्या कानावर पडता कामा नये. मी स्पीकर बंद करायला हात पुढे केला.

"रुको," मोहनसेठ म्हणाले. "मॅडम, ये तो सिंधी है."

गजानन वळला. "काय?"

"माठ करि म्हणजे चुप कर. पुट म्हणजे बेटा. चुप कर बेटा, चुप कर." त्यांच्या तोंडावरचं एसीचं भांडण गेलं होतं. "आणि बुधंदा म्हणजे, ते ऐकतील. वो सुन लेंगे."

स्पीकर चालूच होता. माठ करि पुट, माठ करि. बुधंदाऽ.

"ही लोरी आहे का?" मी विचारलं.

"लोरीत झोपवतात, मॅडम. हे झोपवायचं नाही. हे लपवतानाचं बोलणं आहे." मग हळूच म्हणाले, "कोण आहेत हे? कुणाच्या घरचे?"

"माझे वडील हायेत," गजानन म्हणाला. "नाचणगावचे. आमी कुनबी हावो. सात पिढ्यांचे."

पुढे मी जे केलं ते नियमात बसत नाही. मोहनसेठ म्हणाले, मी बोलून बघू का त्यांच्याशी? मी माइक त्यांच्या हातात दिला आणि आवाज शामरावांना ऐकू जाईल एवढा वाढवला. मला वाटलं, ओळखीची भाषा ऐकून म्हाताऱ्याला बरं वाटेल.

मोहनसेठ माइकमध्ये हळू आवाजात म्हणाले, "माठ करि, पुट."

काचेपलीकडे शामराव ताठ झाले. त्यांनी दोन्ही पाय वर घेतले, गुडघे पोटाशी धरले आणि उजव्या हाताचा पंजा स्वतःच्या तोंडावर दाबला. ऐंशीच्या वरचा माणूस खुर्चीत मुठीएवढा झाला. डोळे उघडे, दाराकडे लागलेले. स्पीकरमधून काहीच येत नव्हतं. श्वासही नाही.

"मैंने कुछ नहीं किया," मोहनसेठ म्हणाले आणि माइक टेबलावर टाकून मागे सरले.

मी आणि गजानन आत धावलो. गजाननने वडिलांचा हात तोंडावरून काढायचा प्रयत्न केला. निघेना. शेतकरी माणूस, रोजचं कष्टाचं अंग, तरी निघेना. शामराव नाकानं इतका बारीक श्वास घेत होते की छाती हलत नव्हती. मिनिटभर असं गेलं असेल. मग हात आपोआप सैल पडला. त्यांनी पाय खाली सोडले आणि आमच्याकडे बघितलं.

"कोन बोललं?" ते म्हणाले. "थे बाई नव्हती. मानूस होता."

मी पाणी दिलं. बाहेर येऊन गजाननला विचारलं की यांच्या घराजवळ सिंधी वस्ती होती का, लहानपणी ऐकलं असेल का. गजानन नाही म्हणाला. पुलगावच्या बाजारात सिंध्यांची दुकानं आहेत, पण तिथे सगळे हिंदीत बोलतात. आणि दुकानदार गिऱ्हाइकाला चुप कर बेटा म्हणत नाही.

मोहनसेठ जिन्यात थांबले होते. ते वर्ध्यातच जन्मले. त्यांचे वडील फाळणीनंतर सिंधमधून आले. "आमचे बुजुर्ग त्याबद्दल बोलायचे नाहीत," ते म्हणाले. "काही विचारलं की म्हणायचे, दुकान देखो." एवढं बोलून ते खाली गेले. एसीचं राहूनच गेलं.

शामरावांची एक थोरली बहीण अजून आहे. गोदाबाई. देवळीला दिलेली, वय नव्वदीच्या घरात. गजानन तिला आत्या म्हणतो. त्या पिढीतली तेवढीच राहिली. गजाननने तिला फोनवर फक्त एवढंच विचारलं, आत्या, बाबा लहानपणी कोण्या सिंध्याकडं राह्यले होते काय? आत्यानं फोन ठेवून दिला. दोन दिवसांनी तिनंच निरोप पाठवला, मले त्या कानवाल्या बाईकडं ने.

आत्या आली. बारीक, काटक, नऊवारीतली. कान तिचेही अधू, पण हेडफोन लावले की चांगलं ऐकू येत होतं. शामराव बाहेर बाकावर बसले. मी आत्याला फोनमधलं रेकॉर्डिंग ऐकवलं. दुसऱ्यांदा बुधंदा आलं आणि तिनं हेडफोन ओढून काढले.

"बंद कर वो माय."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "सांगते. पन त्यालेच सांगीन. दुसऱ्या कोनाले नाई."

इथे एक अडचण होती. शामरावांना काही सांगायचं तर ओरडावं लागतं. बाहेर दोन पेशंट बसलेले, खाली रस्ता, ऑटो. सत्तर-पंच्याहत्तर वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट कुणी ओरडून कशी सांगणार?

मी शामरावांना बूथमध्ये नेऊन बसवलं आणि हेडफोन चढवले. आत्याला माझ्या खुर्चीत बसवून माइक तिच्या तोंडाशी आणला. आवाजाची पातळी मी वाढवली. आत्याला सांगितलं, तुम्ही हळूच बोला, त्यांना मोठ्यानं ऐकू जाईल. बाहेर जायला निघाले तर तिनं माझं मनगट धरलं. मशीनची भीती वाटत होती तिला. मग मी थांबले, आणि गजाननलाही कुणी जा म्हटलं नाही.

"शाम," आत्या म्हणाली. "ऐकू येते काय?"

शामरावांचा चेहरा उजळला. "गोदी! हा तुहा आवाज हाय? किती वर्सानं आयकून राह्यलो मी!"

आत्यानं डोळे मिटले आणि सांगायला लागली.

"शाम, तुह्या आधी आपल्या मायले एक पोरगा होता. पटकीनं गेला. तीन वर्साचा होता. त्याचं नाव शाम होतं."

काचेपलीकडे शामराव हसतच होते. नीट कळलं नव्हतं.

"तवा फाळनी झालती. पुलगाव टेसनावरून मान्सं भरभरून गाड्या जात होत्या. गावातले लोक भाकरी न्यायचे, पानी न्यायचे. माय अन् मीबी गेलतो. एका खिडकीत एक बाई होती. तिच्या मांडीवर तू. आत हवा नव्हती. तिनं तुले खिडकीतून मायच्या हातात देल्लं, जरासा वारा लागू दे म्हून. तू मायच्या खांद्यावर मान टाकली. मंग गाडीनं शिट्टी देल्ली."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाईनं हात बाहेर काढले. दोनी हात. मायनं देल्लं नाई. एक पाऊल मागं सरकली. मंग आनखी एक. बाई वरडत होती. गाडी गेली, शाम."

शामरावांचं हसू कधी गेलं, मला कळलं नाही.

"तू दोन-तीन महिने कोपऱ्यात बसायचा. तोंडावर हात ठेवून. अन् त्या हातामागून म्हनायचा, माठ कर, माठ कर. दुसरं काईच बोलत नव्हता. मायले वाटायचं, तान लागली. थे उठून माठातलं पानी द्यायची. तू पेत नव्हता, तरी द्यायची. म्हून तर तुले सारे माठ्या म्हनायचे."

"मले वाटलं, मी ढ हावो म्हून म्हनतात," शामराव म्हणाले. स्पीकरमधून त्यांचा आवाज अगदी साधा आला.

"एक मानूस आलता," आत्या म्हणाली. "काई दिवसानं. घरोघर इचारत आलता. माय तुले घेऊन मामाच्या गावाले गेलती. बा वावरात. मी एकटी होती. मायनं शपथ घातली होती. त्यानं हिंदीत इचारलं, कोनी तीन सालका बच्चा लाया क्या? म्या म्हनलं, नाई. तो ओट्यावर बसून राह्यला. किती तरी वेळ. पानी पेला. गेला."

"कसा होता?"

"उंच. कान तुह्यासारखे. असे बाहेर आलेले."

शामरावांनी हेडफोनवरून कानाला हात लावला.

"अन् तू नाई म्हनली."

"मी दहा वर्साची होती, शाम."

"मी तीन वर्साचा होतो."

त्यांनी हेडफोन काढले. नीट दोन्ही हातांनी, वायर गुंडाळून, भिंतीवरच्या खुंटीला लावले. आत्या माइकमध्ये बोलतच होती. मशीनवरचा काटा हलत होता. आत ते तिच्या ओठांकडे बघत बसले होते आणि त्यांना एक अक्षर ऐकू जात नव्हतं. ते माहीत असूनही ती थांबली नाही.

महिनाभर कुणीच फिरकलं नाही. मग गजानन एकटा आला, रिपोर्ट न्यायला. दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, हे सारं रिपोर्टमध्ये येऊ देऊ नका. पोरीच्या ॲडमिशनसाठी कास्ट व्हॅलिडिटीची फाइल पडून हाय. तिच्या आजोबाचा, म्हंजे बाबांचा, जन्माचा दाखला लावला हाय तिथं."

"माझ्या रिपोर्टमध्ये डेसिबल असतात," मी म्हणाले. "जात नसते."

"दाखला खरा हाय पन," तो म्हणाला. "त्यावरचा पोरगा मेला होता."

त्यानं आठही माठ विहिरीवर नेऊन ठेवल्याचं सांगितलं, येणारा-जाणारा पाणी पितो म्हणे. आत्याचं काय झालं विचारलं. ती रोज दुपारी फोन करते, बाबा घेत नाहीत.

आणखी दोन आठवड्यांनी शामराव स्वतः आले. पुलगावहून एसटीनं, एकटे. आले आणि बाकावर बसले, नंबर येईपर्यंत. मोहनसेठना ती गाडीची गोष्ट कुणीतरी सांगितली असावी. ते वर आले आणि त्यांच्याशेजारी बसले. आपल्या समाजाच्या ग्रुपवर टाकतो म्हणाले, कुठेतरी कुणीतरी असेल. माझ्या रिसेप्शनिस्टनं ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं.

शामरावांनी वाचलं. "काय टाकाल? नाव काय सांगाल माहं?"

मोहनसेठनी शामरावांचा हात हातात घेतला आणि नंबर येईपर्यंत सोडला नाही.

आत आल्यावर शामराव म्हणाले, "कानाचं मशीन लावून द्या."

मला खरं सांगावं लागलं. कागदावर लिहिलं: मशीन लावलं तर त्या बाईचा आवाज कमी होईल. कदाचित जाईल.

त्यांनी दोनदा वाचलं. "जाईन?"

मी मान हलवली.

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "गोदी रोज फोन करते. सून कानाले लावून देते आता. मले काईच समजत नाई. रडते का बडबडते, तेबी नाई. आनखी किती दिवस हाय थे?"

"म्हणजे माफ केलंत त्यांना?" मी ओरडून विचारलं. हा प्रश्न माझ्या कामाचा नव्हता.

"नाई," ते म्हणाले. "माफ नाई केलं. आयकाचं हाय तिच्याकडून. सारं. पुरं."

दोन्ही कानांना मशीन बसवलं. पहिल्या दिवशी लोकांना पंखा, भांडी, स्वतःचं चावणं, सगळं कर्कश लागतं. शामरावांनी कुरकुर केली नाही. नवीन मशीनमध्ये रोज किती तास वापरलं याची नोंद राहते. चार महिन्यांनी तपासायला आले तेव्हा मी बघितलं. सरासरी अकरा तास. माझ्या पेशंटमध्ये इतकं कुणी वापरत नाही. दर रविवारी गजानन त्यांना देवळीला सोडतो आणि संध्याकाळी आणायला जातो. भाऊबहीण काय बोलतात, त्याला माहीत नाही. एकदा दोघं भांडत होते, एकदा दोघं चूप होते, एवढंच त्यानं पाहिलं.

"बाई येते का अजून?" मी विचारलं. आता ओरडावं लागत नव्हतं.

"येते," शामराव म्हणाले. "पन आता काई म्हनत नाई. बसून राह्यते. चूप."

"म्हणजे ऐकू येत नाही."

"आयकू येत नाई. पन हाय."

असं म्हणून त्यांनी बूथच्या काचेकडे मान किंचित हलवली. बाजारात ओळखीचं माणूस दिसल्यावर हलवतात, तशी. बूथ रिकामा होता. मी पुढच्या पेशंटला पाच मिनिटं उशिरा आत बसवलं.

माझ्या शास्त्रात तीन वर्षांच्या मुलाच्या कानात शिरलेलं बोलणं इतक्या वर्षांनी जसंच्या तसं बाहेर येतं, याला भक्कम पुरावा नाही. एका परिषदेत मी ही केस सांगितली तेव्हा एका वरिष्ठांनी तेच म्हटलं, आणि ते बरोबर होते. मीही यातून सिद्धान्त काढत नाही. एक बदल मात्र केला. आमच्या फॉर्मवर नाव आणि वयाच्या खाली मातृभाषा असा एक रकाना असतो. तो मी आडनाव आणि गाव बघून स्वतःच भरून टाकायची, वेळ वाचतो म्हणून. आता विचारते. बहुतेक लोक मराठी म्हणतात.